पंपाचं विमान

आमच्या द्राक्षबागेच्या कडेला औषधं ठेवायची एक पत्र्याची खोली आहे. त्या खोलीत रिकाम्या पोत्यांखाली पाठीवर अडकवायचा एक जुना पेट्रोल पंप पडलेला होता. घरात ट्रॅक्टर आणि त्याच्यामागचा मोठा ब्लोअर आल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पट्टे उंदरांनी कुरतडले होते, नळीवर कोळ्यांनी संसार थाटले होते. इंजिन मात्र शाबूत होतं. दोन स्ट्रोकचं, ३५ सी.सी.चं. दोरी ओढली की अजूनही ‘फट्’ करून एकदा खोकायचं आणि गप्प बसायचं. मला त्या खोकल्यात निमंत्रण ऐकू आलं!

‘आण्णा, त्या पंपाचं इंजिन घेऊ का?’ मी वडिलांना विचारलं.

‘घे की. गंजतच पडलंय,’ ते म्हणाले. कशाला हवंय हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्या इंजिनाचं मी काय काय करणार आहे ते मी सांगितलं नाही.

हे २०२१ च्या पावसाळ्यातलं. तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि महाविद्यालयं बंद होती. त्याआधीच्या टाळेबंदीत मी थर्मोकोलची, बॅटरीवर उडणारी दोन छोटी विमानं करून मोडली होती. म्हणजे उडवून मोडली होती. न उडवता मोडली असती तर एवढा नाद लागला नसता. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. गावाबाहेरच्या माळावर दुपारी असा वारा सुटतो, की पाऊण किलोचं विमान त्याच्यापुढे वाळल्या पानासारखं भिरभिरतं. विमान मोठं आणि जड झालं की वाऱ्यातही जागेवर राहतं, हे अनुभवानं कळलं होतं. पण मोठ्या विमानाला मोठी मोटर आणि मोठी बॅटरी लागते, आणि तिच्या किमतीत आमच्याकडे शेळी येते.

छोट्या विमानांसाठी मेथॅनॉलवर चालणारी इंजिनंही मिळतात. त्यांच्या इंधनात एरंडेलासारखं तेल आणि नायट्रोमिथेन मिसळावं लागतं. तालुक्याच्या गावी मेथॅनॉल मागितलं, तर दुकानदारानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. राहता राहिलं पेट्रोल. ते फाट्यावर मिळतं.

पुस्तकं चाळताना कळलं, की मी फार जुन्या वाटेवर चाललो होतो. १९३३ साली अमेरिकेत मॅक्सवेल बॅसेट या तरुणानं राष्ट्रीय स्पर्धेत एक विमान उतरवलं. त्यावर विल्यम ब्राउन यांनी बनवलेलं चिमुकलं पेट्रोल इंजिन होतं. तोवर तिथं रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांचं राज्य होतं. या एका इंजिनानं ते खालसा केलं. मिशिगनमधल्या कालामाझू इथल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली आठ फूट पंखांचं विमान जमिनीवरून रेडिओच्या लहरींनी वळवून दाखवलं. ते आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. मग १९४७ साली रे आर्डन यांचा ग्लो प्लग आला. ठिणगी, कॉइल, बॅटरी यांचं सगळं ओझं गेलं, त्याबरोबर पेट्रोलही मागे पडलं. हौशी लोकांना अवाढव्य विमानांची ओढ लागली तेव्हा ते परत आलं, आणि आलं कुठून, तर झाडं तोडायच्या करवतींच्या आणि गवत कापायच्या यंत्रांच्या इंजिनांतून! म्हणजे शेतावरचं इंजिन आभाळात नेण्याचा शोध काही माझा नव्हता. आमच्या इतिहासाच्या सरांना मी ही सारी वंशावळ सांगितली. ते म्हणाले, ‘हे इतकं पाठ आहे, मग मराठ्यांच्या इतिहासातल्या सनावळ्यांनीच तुझं काय वाकडं केलं?’

सगळ्यांत जास्त डोकं फिरवलं ते मेनार्ड हिल यांनी. या गृहस्थांना म्हातारपणी दिसत जवळजवळ नव्हतं आणि ऐकूही कमी येत होतं. त्यांनी बाल्सा लाकडाचं, इंधनासकट पाच किलोंच्या आतलं एक विमान केलं. इंजिन १० सी.सी.चं, आणि इंधन कंदिलात जाळतात तसलं शुद्ध पेट्रोल. ऑगस्ट २००३ मध्ये ते न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून निघालं आणि जवळपास ३९ तासांनी, अटलांटिक ओलांडून, सुमारे ३,०२८ किलोमीटरवर आयर्लंडमध्ये उतरलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मला अटलांटिक नको होता. आमचा माळ ओलांडला तरी पुष्कळ होतं.

पंपाच्या इंजिनाचं विमानाचं इंजिन करायचं म्हणजे मुख्यतः त्यातून काढायचं. दांड्याच्या एका टोकाला औषध उडवणारा मोठा पंखा होता, तो काढला. दुसऱ्या टोकाला फ्लायव्हील. त्यात ठिणगीसाठी लोहचुंबक बसवलेलं असतं, त्यामुळे ते ठेवणं भाग. पण त्याच फ्लायव्हीलच्या अंगावर ओतीव पाती होती आणि त्यांच्यावर पत्र्याचं टोपण. त्यांचं काम इंजिनावर वारा मारायचं. पंप माणसाच्या पाठीवर असतो, माणूस चिखलातून पावलापावलानं चालतो. तिथं वारा कुठला? म्हणून इंजिन आपला वारा आपणच करून घेतं. विमानाच्या नाकावर बसलेल्या इंजिनाला प्रोपेलरचा वारा आयता मिळतो. म्हणजे ती पाती फुकटचं ओझं.

तालुक्याच्या गावी एक लेथवाले काका आहेत. त्यांनी दांड्याच्या उताराच्या मापानं ॲल्युमिनियमची बैठक कातून दिली. हे काम केसाएवढं चुकलं तर प्रोपेलर डुगडुगतो आणि सगळं विमान खिळखिळं होतं. काकांनी ते दोन दिवस घेऊन, तीन चहा पिऊन आणि शंभर प्रश्न विचारून केलं. मग मी फ्लायव्हील पुढे केलं. म्हटलं, ही पाती कातून टाका.

काकांनी ते हातात फिरवून पाहिलं. ‘पोरा, ही परत बसत न्हाईत बरं का.’

‘परत कशाला बसवायचीत?’ मी म्हणालो.

त्यांनी यंत्र सुरू केलं. पाच मिनिटांत फ्लायव्हीलची गुळगुळीत चकती झाली. पाती आणि टोपण मिळून ३१० ग्रॅम वाचले. परत येताना एस.टी.त ती चकती मी मांडीवर ठेवली होती आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

कार्ब्युरेटरचं दुखणं निराळं. पंपाच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो. त्याला वर आणि खाली एवढंच कळतं; विमान कलंडलं की तो गोंधळतो आणि इंजिन एकतर बुडतं, नाहीतर उपाशी मरतं. झाडावर चढून आडवी-तिडवी चालवायची म्हणून करवतीच्या इंजिनाला पडद्याचा कार्ब्युरेटर लावतात. त्यातला रबरी पडदा इंजिनाच्या श्वासाबरोबर हलतो आणि पेट्रोल ओढून घेतो, मग इंजिन उलटं टांगा की सुलटं. असा एक जुना कार्ब्युरेटर सांगलीच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळाला. टाकीत नळीच्या टोकाला पितळी गोळी बांधली. पेट्रोल जिकडे लोळेल तिकडे गोळी लोळते आणि नळीचं तोंड पेट्रोलात राहतं. पहिल्यांदा मी सिलिकॉनची नळी वापरली. मेथॅनॉलला ती चालते, पेट्रोलात मात्र आठवड्यात भिजल्या शेवेसारखी झाली. मग पिवळी, पेट्रोलला टिकणारी नळी मागवली.

विमान बांधण्याची हकीकत लांबवत नाही. थर्मोकोलचे ठोकळे, धनुष्याला ताणलेली तापती नायक्रोमची तार, वर पातळ प्लाय आणि तपकिरी कागद. पंखांची लांबी २.४ मीटर, रुंदी ४० सेंटिमीटर. आई म्हणाली, ‘एवढ्यात पाळणा झाला असता.’ दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याला ‘दार’ म्हणायचा. गॅसची तार नायलॉनची ठेवली, कारण धातूवर धातू घासला की रेडिओच्या कामात खरखर शिरते. प्रत्येक बोल्टला चिकट द्रव लावला, कारण एका सिलिंडरचं इंजिन म्हणजे बोल्ट सैल करण्याचंच यंत्र आहे.

मग तोल पाहायचा दिवस आला. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून, रुंदीच्या साधारण चौथ्या हिश्शाच्या थोडा मागे यावा लागतो. माझ्या पंखाला ११ सेंटिमीटरवर. मी आणि दादानं दोन बोटांवर विमान उचललं. शेपूट धपकन खाली! मागच्या बाजूला मी हौसेनं जाड प्लाय वापरलं होतं. शेपूट जड असलेलं विमान एकदाच उडतं, अशी या छंदातली एक म्हण आहे. आता पुन्हा शेपूट कोण बांधणार? टायरवाल्याकडून चाकाच्या तोलाची शिशाची वजनं आणली आणि नाकात इंजिनामागे स्क्रूनं बसवत गेलो. विमान बोटांवर सपाट उभं राहिलं तेव्हा शिसं भरलं ३०० ग्रॅम.

दादानं आकडा ऐकला आणि तो गवतावर लोळून हसला. ‘तीनशे दहा काढले, तीनशे घातले! शाब्बास!’ मीही हसलो. त्या दिवशी ते विनोदीच होतं.

ऑक्टोबरमध्ये, महाविद्यालय उघडायच्या आधी दोन दिवस, अंगणात इंजिन पहिल्यांदा चाललं. विमानाची शेपटी दोरीनं कडुलिंबाला बांधली. दोरीत धान्य तोलायचा ताणकाटा अडकवला. दोरी ओढून सुरू करायची सोय काढून टाकलेली, म्हणून जाड चामड्याचा मोजा घालून प्रोपेलर हातानं मारावा लागे. अठरा इंची प्रोपेलर मिनिटाला साडेसहा हजार फेरे घेतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या वर जातो, आणि तो दिसत नाही. दिसत नाही हाच धोका. मी आईला, दादाला, कुत्र्याला, सगळ्यांना मागे हटवलं. बाविसाव्या झटक्याला इंजिन पेटलं. कोंबड्या भिंतीवरून पलीकडे गेल्या. कडुलिंबाची पिवळी पानं मागे उडाली आणि काटा साडेपाच किलोवर जाऊन थरथरत राहिला.

आण्णा गोठ्याच्या दारात उभे होते. इंजिन बंद झाल्यावर म्हणाले, ‘विमान किती किलोचं?’

‘साडेसात.’

‘आणि वढ साडेपाचाची. मग उडंल कसं?’

मला पुस्तकातलं उत्तर येत होतं, पण ते मराठीत येईना. मग सुचलं. ‘आण्णा, बैल गाडी उचलतो का? नुसती ओढतो. वजन चाकं पेलतात. इथं पंख पेलतात. इंजिनानं नुसतं ताशी चाळीसाच्या पुढं पळवायचं.’

आण्णांनी थोडा वेळ विचार केला. ‘व्हय,’ म्हणाले, आणि चारा टाकायला गेले. त्या एका ‘व्हय’वर मी दिवाळी काढली.

त्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत पाऊस आला. द्राक्षवाल्या घरात वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. ऑक्टोबरात छाटणी झालेली बाग तेव्हा फुलोऱ्यात असते. फुलोऱ्यावर पाऊस पडला की घड कुजतात, गळतात, आणि दावण्या येतो. पानामागे पांढरी बुरशी दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. जे करायचं ते काही तासांत. आमची जमीन काळी. दोन तारखेला दुपारी ट्रॅक्टर बागेत घातला तो दुसऱ्याच ओळीत आसापर्यंत रुतला. ढकलून, फळ्या घालून, कसाबसा बाहेर काढला. फवारणीचा प्रश्नच मिटला. अशा वेळी पानं ओली असताना मॅन्कोझेबची धुरळणी करतात, कोरडी पूड वाऱ्यानं उडवून. आणि ती होते पाठीवरच्या पेट्रोल पंपानं.

आण्णा चिखलानं माखलेले खोलीत आले. पोती बाजूला केली. पंपाचा सांगाडा होता, नळी होती, पूड भरायची टाकी होती.

‘इंजिन आण,’ ते म्हणाले. रागावले नव्हते. अवजार मागावं तसं त्यांनी मागितलं.

मी विमानाच्या नाकातून चार बोल्ट काढून इंजिन आणलं. मोठा पंखा परत बसवला. हात थरथरत होते तरी ते काम दहा मिनिटांत झालं. मग आण्णांनी फ्लायव्हीलवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

‘पाती?’

मी काही बोललो नाही.

‘पाती न्हाईत तर वारं कुठनं लागायचं ह्येला?’

तरी आम्ही चालवून पाहिलं. दोरी नव्हती, चकतीला सुतळी गुंडाळून ओढली. चाललं. आण्णा दीड ओळ गेले. मग इंजिनाचा आवाज बसका झाला, जळक्या तेलाचा वास आला आणि ते थांबलं. आणखी रेटलं असतं तर दट्ट्या सिलिंडरलाच धरला असता. नवं फ्लायव्हील मिळेना, कारण ते पंप बनवणं कधीच बंद झालेलं. शेजाऱ्यांचे पंप त्यांच्याच बागांत होते, आणि त्या दिवशी कुणाकडे पंप मागणं म्हणजे त्याच्या ताटातलं मागणं.

त्या रात्री आम्ही चौघं, डोक्याला बॅटऱ्या बांधून, फडक्याच्या पुरचुंड्यांत पूड घेऊन ओळीओळीनं घडांवर झटकत फिरलो. पुरचुंडीतून पूड पडते, उडत नाही. ती पानावर बसते. पानामागे, घडाच्या पोटात जात नाही. हे करताना चौघांनाही कळत होतं. कुणी बोललं नाही. माझ्या मनात सारखे दोन आकडे येत होते, तीनशे दहा आणि तीनशे. तिसऱ्या दिवशी दुपारी एकाचा पंप मिळाला.

खालच्या अंगाच्या, पाणी साचणाऱ्या ओळी गेल्या. साधारण पाव बाग. गावात ज्यांच्याकडे चांगले चालते पंप होते त्यांचेही घड गेले, कुणाकुणाचे आमच्यापेक्षा जास्त. आमचा पंप चालला असता तर किती वाचलं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. दादानं मला हे चार वेळा समजावलं. आण्णा त्यावर एकदाही बोलले नाहीत, आणि मला समजूत हवी होती ती त्यांच्याकडून.

मी इंजिन साफ करून विमानात बसवलं, विमानावर चादर घातली आणि ते माळ्यावर टाकलं. जानेवारी गेला. फेब्रुवारीत उरलेला माल निघाला. मार्चमध्ये एका संध्याकाळी आण्णा जेवता जेवता म्हणाले, ‘ते विमान उडवनार हाईस का न्हाई? का तेबी गंजत ठेवनार?’

सांगलीतले एक अनुभवी हौशी गृहस्थ आले. मोठं विमान पहिल्यांदा एकट्यानं उडवू नये, एवढी अक्कल मला आली होती. नियमही पाहून घेतले होते. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोंपर्यंतची, शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली विमानं ‘मॉडेल’ म्हणून वेगळी धरली आहेत, आणि नकाशात आमचा माळ हिरव्या पट्ट्यात होता. पेट्रोलात तीसास एक तेल. रेडिओची साठ पावलांवरून चाचणी. रेडिओ तुटला तर गॅस आपोआप बंद होईल अशी व्यवस्था. गृहस्थांनी सगळं दोनदा हलवून पाहिलं, मग गॅस वाढवला. खडीवरून विमान धडधडत पळालं, शेपूट उचललं, आणि एका क्षणी ती धडधड थांबली. चाकं जमिनीवर नव्हती.

ते मोठं दिसत होतं. छोट्या विमानासारखं वळवळत नव्हतं. वाऱ्यावर छाती टेकून जात होतं. दोन फेऱ्यांनंतर गृहस्थांनी रिमोट माझ्या हातात दिला. मी वळवलं, सरळ केलं, चढवायला लागलो. आणि वर चढताना इंजिनाचा सूर पातळ झाला. मला वाटलं, मला भास झाला.

मागून आण्णांचा आवाज आला. ‘खाली घे. उपाशी पळतंय ते.’

मी गॅस कमी केला. गृहस्थांनी मदत केली आणि विमान दोन उड्या मारून उतरलं. आण्णा माझ्याआधी तिथं पोहोचले. वीस वर्षं ते इंजिन त्यांच्या पाठीवर होतं. ते कधी दमतं हे त्यांना कानापेक्षा पाठीला जास्त माहीत असावं. ‘जमिनीवर नीट चालतंय म्हनून भागत न्हाई,’ ते म्हणाले. ‘पंपातबी असंच व्हायचं. बांध चढताना दम तोडायचं.’ गृहस्थांनी मान डोलावली. प्रोपेलर हवेत हलका होतो, फेरे वाढतात, जमिनीवर अगदी नेमकं लावलेलं पेट्रोल तिथं कमी पडतं. म्हणून सुई थोडी सैल ठेवावी लागते. आण्णांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि जोराच्या सुईचा स्क्रू थोडासा उलटा फिरवला.

मग नाकाचं झाकण उघडंच होतं म्हणून आत पाहिलं.

‘हे शिसं कशापायी?’

मी सांगितलं. शेपूट जड झालं होतं, तोलासाठी नाकात वजन घालावं लागलं.

‘किती?’

‘तीनशे ग्रॅम.’

‘आणि पाती किती व्हती?’

‘पाती आणि टोपण मिळून तीनशे दहा.’

दादा दुसरीकडे बघायला लागला. आण्णांनी एक वजन स्क्रू सोडवून हातात घेतलं, तळहातावर दोनदा उडवलं, बागेतला घड तोलून पाहतात तसं. मग ते होतं तिथं परत ठेवलं.

‘आवळ नीट,’ ते म्हणाले, ‘आणि ह्या बारीला मला इंजिन चालू करू दे.’

मी चामड्याचा मोजा काढून त्यांना दिला.